मोशा, माछ आणि मोशारी

डमडमला बदली झाली असे गावाकडे सांगितले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे ती डमडम गोळीवाली?" होय मंडळी, तीच. इथल्या शस्त्रागारात 1890 च्या दशकात कॅप्टन बर्टी-क्ले या अधिकाऱ्याने अंगात शिरल्यावर फुलणारी गोळी बनवली आणि 1899 साली हेगच्या परिषदेत तसल्या गोळ्या युद्धात वापरायच्या नाहीत असे ठरले. त्याच्याही आधी, 1857 च्या जानेवारीत, चरबी लावलेल्या काडतुसांची कुजबुज इथूनच सुरू झाली. एका खलाशाने शिपायाकडे लोट्यातले पाणी मागितले, शिपायाने जात काढून नाही म्हटले, तेव्हा खलाशाने काडतुसांवरून टोमणा मारला, अशी ती हकिकत. पुढे बराकपूरला काय झाले ते शाळेच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी वाचले आहे.

आजचा विषय मात्र गोळीचा नाही, माशांचा आहे. आमच्या क्वार्टरमध्ये काचेची एक टाकी होती. गेल्या पावसाळ्यात तिच्यातले मासे मरायला लागले आणि तीन आठवडे कारण सापडेना. पेन्शनीत गेल्यावर अशी टाकी घरात ठेवणारे आपल्यात बरेच आहेत, म्हणून सगळे सविस्तर लिहितो. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

टाकी घरात आली ती डेंग्यूमुळे. आदल्या वर्षी दुर्गापूजा संपली आणि आमच्या अकरा वर्षांच्या लेकीला ताप भरला. तिसऱ्या दिवशी अंगावर पुरळ, पाचव्या दिवशी प्लेटलेट अडतीस हजारांवर. पाच रात्री सौभाग्यवती आणि मी आळीपाळीने तिच्या कॉटपाशी बसून काढल्या. पोरगी घरी आली, पण पुढचे दोन महिने तिच्यात जीव नव्हता. जिना चढला की दम लागायचा, संध्याकाळी खेळायला खाली जायची नाही. त्यात ही तिची चौथी शाळा. फौजीच्या मुलांचे तुम्हाला सांगायला नको. मैत्रीण जमते तोवर बापाची ऑर्डर येते. डॉक्टर म्हणाले, हिला बसल्या जागी रमेल असे काहीतरी द्या. शेजारच्या बंगाली बौदींनी लगेच उपाय सांगितला, "माछ राखो!" मासे पाळा.

कोलकात्यात मासे पाळायचे तर रविवारी सकाळी गॅलिफ स्ट्रीटला जायचे. डमडमहून मेट्रोने श्यामबाजार, तिथून बागबाजारच्या बाजूला कालव्याकडे चालत. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पक्षी, कुत्र्याची पिल्ले, रोपे, आणि मासे. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत फुगवून टांगलेले, ॲल्युमिनियमच्या हंड्यांत खळबळणारे, तांबडे, निळे, चट्ट्यापट्ट्यांचे. हावडा आणि दोन्ही चोवीस परगणा जिल्ह्यांतल्या खेड्यांत शोभेचे मासे वाढवायचा धंदा चालतो. ईशान्येकडच्या नद्यांतले मासे याच डमडमच्या विमानतळावरून परदेशी जातात. तिथल्या झुबकेदार मिशांच्या दुकानदाराला एक गिऱ्हाईक "काकू, काकू" म्हणून हाक मारत होते. बंगालीत काकू म्हणजे काका. आमची लेक दोन महिन्यांनी पहिल्यांदा पोट धरून हसली ती तिथे. टाकीचे पैसे मला तेव्हाच वसूल झाले.

टाकी तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच. खाली वाळू घातल्यावर साधारण एकशे दहा लिटर पाणी बसते. त्यात चौदा गप्पी, आठ झेब्रा, तळाशी फिरणारे चार कोरी, दोन खोल्शे आणि दहा लाल कोळंब्या. गोगलगायी विकत आणल्या नव्हत्या, त्या पाणवनस्पतींबरोबर फुकट आल्या. गप्पी मासा आपल्याकडे कुणाला ठाऊक नाही? मलेरिया विभागाचा माणूस गावच्या हौदात, डबक्यात डासांच्या अळ्या खायला सोडतो तोच हा. झेब्रा आणि खोल्शे हे तर इथलेच. फ्रान्सिस हॅमिल्टन-बुकानन नावाच्या डॉक्टरने 1822 साली गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर मोठा ग्रंथ काढला, त्यात या दोघांची नोंद आहे. हाच डॉक्टर आमच्या शेजारच्या बराकपूरला लॉर्ड वेलस्लीचा प्राणिसंग्रह सांभाळायचा. त्याने टिपलेला तो बोटभर झेब्रा आज जगभरच्या प्रयोगशाळांत आहे.

आठ महिने टाकी झकास चालली. लेकीने एक वही घातली आणि फौजी बापाची मुलगी म्हणून तिला नाव दिले 'रोजनामचा'. किती वाजता खाणे, पाणी कधी बदलले, गप्पीला पिल्ले किती, सगळे त्यात. शाळेतल्या दोन मैत्रिणी मासे बघायला घरी यायला लागल्या. घराला पुन्हा घरपण आले.

मग जुलै आला. वीस तारखेला सकाळी लाल कोळंब्या तळाशी आडव्या पडलेल्या दिसल्या, दहाच्या दहा. दोन दिवसांनी दोन गप्पी. मग एक झेब्रा. मग एक दिवस काही नाही, मग पुन्हा दोन. मासे आदल्या संध्याकाळी अगदी तुरतुरीत असायचे, खाणे टाकले की झडप घालायचे, आणि सकाळी पीटीसाठी मी साडेपाचला उठलो की एखादा फिल्टरच्या जाळीला चिकटलेला सापडायचा. अंगावर डाग नाही, पंख झडलेले नाहीत, पोट फुगलेले नाही. लेक शाळेला जाण्याआधी वहीत लिहायची, "गप्पी 1, झेब्रा 1", आणि दप्तर उचलायची. आठव्या दिवशी तिने विचारले, "बाबा, मला डेंग्यू झाला होता तसा यांना काही झाला का?" तिच्या आवाजात जे होते ते मला आवडले नाही. त्या दिवसापासून हे प्रकरण माझ्यासाठी माशांपुरते राहिले नाही.

सल्ल्यांना तोटा नव्हता. रविवारी बाटलीत टाकीचे पाणी घेऊन गॅलिफ स्ट्रीटला गेलो. मिशीवाल्या काकूंनी बाटली उन्हाकडे धरली, "जोल खाराप" म्हणाले आणि मेथिलीन ब्लूची निळी बाटली पुढे केली. पलीकडचा म्हणाला, जाडे मीठ टाका. तिसऱ्याने अँटिबायोटिकची पिवळी पूड काढली. खालच्या मजल्यावरचा हवालदार म्हणाला, पाणी सगळे फेकून टाकी उकळत्या पाण्याने धुवा. गावाकडून आईचा फोन, "नजर लागलीय, लिंबू उतरून टाक." सगळ्यांचा आग्रह मनापासूनचा होता. पण रोग कळल्याशिवाय औषध द्यायचे नाही हे आमच्या एमआय रूममधला शिकाऊ पोरगाही सांगतो. टाकीत फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि वाळूत जिवाणू राहतात. माशांच्या घाणीतून निघणारा विषारी अमोनिया ते आधी नायट्राइट करतात आणि मग त्याचे कमी घातक नायट्रेट. ही पलटण उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. टाकी उकळत्या पाण्याने धुतली की ती पलटण गारद. अँटिबायोटिकही मित्र आणि शत्रू बघून मारत नाही. म्हणून मी टाकीत काहीच ओतले नाही. दर तिसऱ्या दिवशी पाव भाग पाणी बदलायचा आमचा नेम होता, तेवढा चालू ठेवला आणि चौकशीला बसलो. आपल्याकडे एखादी वस्तू हरवली तरी कोर्ट ऑफ इन्क्वायरी लागते. इथे तर जीव जात होते.

पहिला संशयित पाणी. थेंब टाकून रंग बघायचा किट आणला. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट वीस, पीएच साडेसात. पाणी निर्दोष. इथल्या पाण्यात लोह आहे, बादलीला पिवळे डाग पडतात, पण तेच पाणी आठ महिने चालले होते. पावसाळ्यात नदीचे पाणी गढूळ होते आणि शुद्ध करताना क्लोरीन वाढतो, म्हणून तोही तपासला. आम्ही पाणी रात्रभर बादलीत ठेवून, वर हायपोचे खडे टाकून मगच वापरतो. शिवाय क्लोरीनने मासे मरायचे तर पाणी बदलल्यावर काही तासांत मेले असते. रोजनामचा उघडला. पाणी बदलायचे दिवस आणि मरणाचे दिवस यांचा काही मेळ बसेना.

दुसरा संशयित हवा. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. वीस अंशांना लिटरभर पाण्यात नऊ मिलिग्रॅम, तीस अंशांना साडेसातच. आमचे थर्मामीटर तीसवर. त्यात रात्री पाणवनस्पतीही प्राणवायू घेतात, म्हणून पहाटे टंचाई असते. मरण रात्रीचेच होते, त्यामुळे हा संशय पक्का वाटला. पण दहाव्या दिवशी एक खोल्शे गेला आणि संशय ढासळला. खोल्शेच्या डोक्यात एक खास अवयव असतो, त्याच्या जोरावर तो पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेतो. भातखाचराच्या कोमट चिखलपाण्यात तो मजेत जगतो. प्राणवायू कमी पडला असता तर सगळ्यात शेवटी तो मेला असता. शिवाय टंचाईत मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. तसे कुणी करत नव्हते.

तिसरा संशयित रोग. पण कोळंबी, गप्पी, झेब्रा आणि खोल्शे यांना एकाच पंधरवड्यात मारणारा आणि अंगावर एकही खूण न ठेवणारा रोग कसला? नवीन मासा तर तीन महिन्यांत टाकीत आला नव्हता.

शनिवारी रात्री मी स्वतः गार्ड ड्यूटी लावून घेतली. बारा ते चार, खुर्ची टाकीसमोर, लाल काच लावलेला टॉर्च हातात. अडीचच्या सुमारास एक झेब्रा एकदम झटका बसल्यासारखा उडाला, मग गोल गोल फिरायला लागला, मळसूत्र फिरावे तसा. एका कुशीवर कलला, सरळ झाला, पुन्हा कलला. पहाटेपर्यंत तो गेला. म्हणजे मरण श्वासाचे नव्हते, नसांचे होते. काहीतरी विष.

पण कुठून? आणि कुठले? वहीत दोन गोष्टी सापडल्या. मधल्या एका शुक्रवारी आम्ही बराकपूरला एका दोस्ताकडे गेलो होतो आणि दोन रात्री तिथेच राहिलो. घराला कुलूप. खाणे बंद, दिवे बंद, फक्त फिल्टर आणि हवेचा पंप चालू. त्या दोन रात्रींत एकही मासा मेला नव्हता. उपाशी राहिले, पण जगले. म्हणजे विष पाण्यातून किंवा वाळूतून येत नव्हते. आम्ही घरी असलो की येत होते.

दुसरी गोष्ट गोगलगायी. मी मेलेल्यांचा हिशेब लावत बसलो होतो. लेक म्हणाली, "बाबा, गोगलगायींबद्दल कुणी काही विचारतच नाही. त्या सगळ्या आहेत. मी रोज मोजते." खरेच होते. काचेवर वीसेक गोगलगायी आरामात फिरत होत्या. आणि सगळ्यात आधी गेल्या त्या कोळंब्या. नळाच्या जुन्या पाइपातून तांबे उतरले असते किंवा तांब्याचे औषध पडले असते तर कोळंब्यांबरोबर गोगलगायीही गेल्या असत्या. हे विष कोळंबीला लगेच लागते, माशाला हळूहळू लागते आणि गोगलगायीला ओळखतही नाही. असले विष कुठले, इथे माझी अक्कल थांबली.

मग आठवले आमच्या जुन्या युनिटचे हायजीनवाले हवालदार साहेब. सगळी हयात अँटी-मलेरियाच्या कामात गेली, आता सातारकडे शेती बघतात. फोन लावला. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "कोळंबी मेली आणि गोगलगाय जगली? आता ज्या खोलीत टाकी आहे त्या खोलीत काय काय आहे त्याची यादी वाच. गार्डरूमचा चार्ज देतो तशी. कोपऱ्यापासून सुरू कर."

मी वाचायला लागलो. शोकेस, टीव्ही, लोखंडी पेटी, टाकी, टाकीवर खिळ्याला टांगलेला हवेचा पंप, त्याच्याखाली स्विचबोर्ड, बोर्डावर डासांचे लिक्विडचे मशीन, शेजारी लेकीची कॉट.

"थांब," ते म्हणाले. "कॉट हॉलमध्ये कधीपासून?"

आतल्या खोलीचे छत पावसाने पाझरायला लागले होते. अठरा जुलैला लेकीची कॉट बाहेर हॉलमध्ये आणली होती. आणि कॉटबरोबर मशीन आले होते. वीस तारखेला कोळंब्या गेल्या.

हवालदार साहेबांनी मग वर्गच घेतला. शेवंतीच्या जातीचे एक फूल असते, त्यातून कीटक मारणारा अर्क निघतो. त्याच्याच नकलेवर कारखान्यात बनवलेली औषधे डासांच्या लिक्विडमध्ये, कॉइलमध्ये, फवाऱ्यात आणि औषध लावलेल्या मच्छरदाण्यांत असतात. ती कीटकाच्या नसांवर काम करतात. नस एकदा पेटली की विझू देत नाहीत, म्हणून झटके येतात. माणसाचे शरीर हे औषध चटकन मोडून बाहेर टाकते. माशाला ते तितके जमत नाही, त्यामुळे लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये मोजावे इतक्या थोड्या मात्रेतही मासा मरतो. कोळंबी तर कीटकांचीच भावकी, सांध्यासांध्यांच्या पायांची, तिला आणखी लवकर लागते. गोगलगाय शिंपल्यांच्या घराण्यातली, तिला फारसे काही होत नाही. "फील्डमध्ये मच्छरदाण्या औषधात बुडवायचो," ते म्हणाले, "तेव्हा हुकूम असायचा, उरलेले पाणी ओढ्यात ओतायचे नाही, दाणी तळ्यात धुवायची नाही. मासे मरतात."

आणि विष टाकीत पोचवत कोण होते? हवेचा पंप. तो खोलीतली हवा खेचतो आणि दगडातून बारीक बुडबुडे करून पाण्यात सोडतो. बारीक एवढ्यासाठी, की हवा पाण्याला जास्तीत जास्त लागावी. मशीन त्याच्याखाली वीतभर अंतरावर. पावसामुळे खिडक्या बंद. रात्री दहा ते सकाळी सहा पंप ती वाफ ओढत होता आणि इमानेइतबारे माशांना पोचवत होता. त्या लिक्विडच्या खोक्यावर बारीक अक्षरांत सूचनाही होती, वापरताना माशांची टाकी झाकून ठेवा.

आता कुणी म्हणेल, मग काय, मशीन बंद केले, गोष्ट संपली. पण आमच्या घरात खरी लढाई इथे सुरू झाली. मी विषय काढताच सौभाग्यवती म्हणाली, "मशीन बंद होणार नाही. मासे गेले तर गेले. ते पाच दिवस मी पुन्हा काढणार नाही." तिच्यापुढे बोलायला माझ्याकडे काही नव्हते. अडतीस हजारांचा तो कागद अजून आमच्या कपाटात आहे. डमडमच्या बाजूला दर पावसाळ्यात डेंग्यूचे नाव निघतेच. एका पारड्यात लेक आणि दुसऱ्यात मासे घातले तर काटा कुठे झुकायचा हे सांगायला लागत नाही. पण लेक दारात उभी होती. ती म्हणाली, "मासे माझ्यामुळे मरत होते?"

हा प्रश्न मला त्या झेब्र्याच्या झटक्यांपेक्षा जड गेला. तिला जवळ घेऊन सांगितले, तुझ्यामुळे नाही, मशीनमुळे. मशीन डासांसाठी होते, डास त्याला कळतात, मासे कळत नाहीत. तिला ते पटले की नाही कोण जाणे. गंमत अशी, की गप्पी हा डेंग्यू-मलेरियाविरुद्ध आपल्या बाजूने लढणारा शिपाई, आणि तो आपल्याच बाजूच्या गोळीने पडत होता.

तोड बौदींच्या घरात सापडली. संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो तर पलंगावर मोशारी बांधलेली. मोशारी म्हणजे मच्छरदाणी. मोशा म्हणजे डास, माछ म्हणजे मासा. या तीन शब्दांत आमचे सगळे प्रकरण बसले. चार खिळे, चार नाड्या, आणि झोपताना दाणी गादीखाली नीट खोचलेली. दादा म्हणाले, आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या हेच. मलाही हसू आले. मी फौजी माणूस. सूर्य मावळला की बाह्या खाली आणि रात्री दाणी, हे मी भरतीपासून करत आलो, आणि घरात मात्र बटण दाबत होतो. ज्या कोलकात्यात 1898 साली डॉक्टर रोनाल्ड रॉसने डासातून पक्ष्यांचा मलेरिया कसा पसरतो ते सिद्ध केले, तिथे मच्छरदाणीची शिफारस मला वेगळी कुणी करायला नको होती.

मात्र दाणी बाजारातली साधी घेतली, औषध लावलेली नाही. तीही टाकीशेजारी नको. घरातल्या पंतप्रधानांशी तह झाला तो असा. लेक रात्री दाणीत. लिक्विडचे मशीन फक्त आमच्या आतल्या खोलीत, दार लावून. हवेचा पंप हॉलमधून काढून स्वयंपाकघरात, खिडकीजवळ, तिथून लांब नळी टाकीपर्यंत. टाकीवर काचेचे झाकण. पण डेंग्यूचा डास दिवसा चावतो, पहाटे आणि दुपार कलल्यावर जास्त, म्हणून दाणीवर सगळी भिस्त ठेवून चालत नाही. खिडक्यांना जाळ्या मारल्या. आपल्याकडे आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणतात, तो दर शुक्रवारी सक्तीचा केला. कूलर, कुंड्यांखालच्या बशा, बाल्कनीतली बादली, सगळे उपडे करून घासायचे. आमच्या जिन्यातल्या सहाही घरांत हे फॉलिन लागले आणि त्याची हजेरी घ्यायची आमची लेक.

दहा दिवस दुसरा कुठलाही बदल करायचा नाही असे ठरवले. खाणे तेच, पाणी तेच, नेम तोच. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर मासे वाचले तरी कशाने वाचले ते कळत नाही. पहिल्या दोन दिवसांत एक गप्पी आणि एक कोरी गेला. एरवी कोळशाची पिशवी फिल्टरमध्ये घातली असती, पण धीर धरला. तिसऱ्या दिवसापासून वहीत रोज एकच नोंद, "सगळे हजर". अकराव्या दिवशी कोळसाही घातला, तो उरलेसुरले विष शोषून घेतो.

माझ्या मनात एक खुमखुमी होती. पाच कोळंब्या आणायच्या, एका बादलीत सोडायच्या, शेजारी मशीन लावायचे आणि बघायचे. पुरावा पक्का होईल. लेकीला सांगितले तर तिने माझ्याकडे असे काही बघितले की विषय तिथेच संपला. "कळलंय ना आपल्याला? मग आणखी पाच कशाला?" आमच्या कोर्ट ऑफ इन्क्वायरीत म्हणून निष्कर्षापुढे 'संभाव्य कारण' असेच लिहिले आहे. अठ्ठावीसपैकी सतरा मासे उरले होते. त्यानंतर आम्ही होतो तोवर एकही असा गेला नाही.

ज्यांच्याकडे टाकी आहे त्यांनी एवढे लक्षात ठेवा. मासे मरायला लागले तर पहिल्या दिवशी औषध ओतू नका. आधी अमोनिया आणि नायट्राइट तपासा, कारण बहुतेक टाक्यांत खुनी तेच असतात, विशेषतः टाकी नवी असेल तर. ते शून्य निघाले तर कोण मेले याबरोबर कोण जगले तेही लिहा. कोळंबी आणि गोगलगाय दोन्ही मेल्या तर तांब्याचा संशय घ्या. हवा घेणारे मासे जगले आणि बाकीचे पहाटे वर येऊन मेले तर प्राणवायू. कोळंबी मेली, मासे झटके देत मेले आणि गोगलगायी फिरताहेत, तर घरात कीटकांचे औषध कुठे आहे ते शोधा. लिक्विड, कॉइल, झुरळांचा फवारा, कुत्र्याच्या पिसवांचे औषध लागलेला हात, गल्लीत आलेला धूर. धूरवाला आला की पंप बंद करा, टाकीवर झाकण आणि त्यावर ओला पंचा टाका, खिडक्या लावा, आणि धूर गेल्यावर खोली मोकळी करून मगच पंप चालू करा. आणि तारखा लिहा. आमचे सगळे कोडे एका मुलीच्या वहीने सोडवले, मी नाही.

मार्चमध्ये ऑर्डर आली. काचेची टाकी मिलिटरी स्पेशलमध्ये चढत नाही. टाकी बौदींच्या धाकट्या मुलाला द्यायचे ठरले. लेक रडेल अशी धास्ती होती. तिने रोजनामच्यातून एक पान फाडले आणि रीतसर हँडिंग-टेकिंग ओव्हरची यादी केली. गप्पी 22 पिल्लांसकट, झेब्रा 4, कोरी 2, खोल्शे 1, गोगलगायी असंख्य. पंप स्वयंपाकघरात राहील. टाकीच्या खोलीत मोशारी चालेल, मशीन चालणार नाही. शुक्रवार कोरडा दिवस. खाली दोघांच्या सह्या, तिची मराठीत आणि त्याची बंगालीत. त्या सात वर्षांच्या पोराने सही करण्याआधी गोगलगायी मोजून घेतल्या.